पाहुणी चार घरी जेवायची

माझी अर्धी खोली गेली ती पाली भाषेमुळे. बाबांच्या ओळखीचे एक सर विद्यापीठात पाली शिकवतात आणि दर रविवारी विहारात भेटतात. एका रविवारी त्यांनी सांगितलं, फिनलंडहून एक मुलगी शिकायला आली आहे, एकटीच आहे, परदेशी मुलींच्या वसतिगृहात जागा नाही, तर जागा होईपर्यंत कुणाकडे सोय होईल का. माझे बाबा बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत सुपरवायझर. तिथे दिवसभर लोकांना "नाही" म्हणतात, पण विहारात त्यांच्या तोंडून "नाही" निघत नाही. घरी येऊन चप्पल काढता काढता त्यांनी आईला सांगून टाकलं. आईनं फिनलंड कुठे आहे ते विचारलं नाही, मुलगी कशी आहे ते विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "जेवते काय?"

मला तर कोणी काहीच विचारलं नाही. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे घरातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती होते. तरी माझं कपाट अर्धं झालं, आरसा अर्धा झाला, पंख्याखालची जागा तर पूर्णच गेली, कारण पाहुणीला उकडते. नागपूरच्या हिवाळ्यात उकडते. आम्ही स्वेटर घालून बसलेले आणि ही पंखा पाचवर ठेवून झोपायची.

पाहुणी दिवाळी झाल्यावर आली. दारात वाकावं लागेल इतकी उंच, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. तिनं वर्षभर कुण्या पुण्याच्या बाईंकडून नेटवर मराठी शिकून घेतलेलं. हात जोडून म्हणाली, "नमस्कार. आपल्याला भेटून अतिशय आनंद झाला." आई दोन पावलं मागे सरली. मग हळूच मला म्हणाली, "बापा, हे तं पुस्तकातलं बोलून राहिली. आता आपण काय बोलाव?" आमच्या घरात "अतिशय" हा शब्द त्याआधी कधी कुणी वापरला असेल असं मला वाटत नाही.

पहिल्याच दिवशी सामान लावता लावता तिनं मला एक गोष्ट सांगितली. तिकडून निघताना तिच्या प्राध्यापकांनी तिला बजावलं होतं की भारतात कुणी जेवायला बोलावलं तर कधीही नाही म्हणायचं नाही, तो फार मोठा अपमान असतो. तिनं मला विचारलं, हे खरं आहे का. मी छाती फुगवून सांगितलं, एकदम खरं. आमच्याकडे अतिथी म्हणजे काय विचारू नको. पुढं जे झालं त्यात माझ्या या भाषणाचाही वाटा आहे, पण मी ते मनावर घेत नाही. कोणीही हेच सांगितलं असतं.

पहिले काही दिवस पाहुणी मस्त जेवली. आई खूश. तिच्या हाताला चव आहे हे आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे, आणि नसतं तर तिनं स्वतःच प्रसिद्ध केलं असतं. पाटोडीचा रस्सा खाताना पाहुणीच्या डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, पण चमचा थांबला नाही. आई समोर बसून बघत राहायची आणि म्हणायची, "रडू दे, रडू दे, सवय होते." मग विद्यापीठाची वेळ बदलली. पाहुणी सकाळी लवकर जायला लागली आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत यायला लागली. आणि तिचं जेवण बंद पडलं, दुपारचंही आणि रात्रीचंही. म्हणजे ताटावर बसायची, हसायची, अर्धी भाकर मोडायची, वरणात बोट बुडवायची, आणि मग ताटाकडे असं बघायची की जणू ताटानंच तिला काही विचारलं आहे आणि उत्तर येत नाही.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर माझी आई नुसतीच वेडी वाटेल.

आमचं हे घर नव्या ले-आउटमधलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्यांची वस्ती शहराच्या त्या टोकाला, तिथं सगळे आपलेच लोक. बाबांनी कंपनीची बस जवळून जाते म्हणून इकडे प्लॉट घेतला. गल्लीत सगळ्या प्रकारची माणसं. नव्या घरात आलो तेव्हा घरभरणीला आईनं अख्ख्या गल्लीला जेवायचं सांगितलं. मी तेव्हा शाळेत होते. गल्ली आली. सगळी आली, नटूनथटून आली. आणि एकेकीचा नेमका त्या दिवशी उपवास निघाला. कुणी आत्ताच जेवून आलेलं, कुणाला डॉक्टरनं मना केलेलं. लोकांनी केळं घेतलं, बंद बाटलीतलं थंड घेतलं, फरशी छान आहे म्हणाले आणि गेले. गंजभर, म्हणजे पातेलंभर, भात तसाच, भाजी तशीच. कुणी वाकडं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, आईला भांडता तरी आलं असतं. तिनं मागच्या बांधकामावरची माणसं बोलावली, त्यांना पंगतीनं बसवलं, आणि ती कशी पोटभर जेवली याचंच कौतुक सांगत राहिली. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. पण आमच्या घरी ताटात कुणी काही टाकलं की तिच्या चेहऱ्याकडं बघवत नाही.

आमच्या अगदी समोर एक काकू राहतात. नरखेडकडचे लोक, तिकडं त्यांची संत्र्यांची बाग आहे. दर मोसमात त्यांच्याकडून आमच्याकडे पिशवीभर संत्री यायची, आणि आम्ही ती साली फेकायच्या आत संपवायचो. दिवाळीला आई त्यांच्याकडे मिठाईच्या दुकानातला डबा पाठवायची, वरचा कागदसुद्धा न काढता. संत्रं चालतं, बंद डबा चालतो, शिजवलेलं चालत नाही, असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. पाळायचे मात्र सगळे, आम्हीसुद्धा. बाकी काकू चांगल्या होत्या. बाबांना डेंग्यू झाला तेव्हा त्यांच्याच मुलानं गाडीतून दवाखान्यात नेलं होतं.

तर पाहुणीनं जेवण सोडलं आणि आईची झोप उडाली. तिनं तिखट कमी केलं. मग तेल कमी केलं. मग वांगी बंद केली. मग कुणीतरी सांगितलं की हे लोक नूडल्स खातात, म्हणून एक दिवस नूडल्स केल्या, मोहरी-जिऱ्याची फोडणी देऊन. पाहुणीनं त्याही चार काड्या खाल्ल्या. शेवटी आईनं पाहुणीच्या फोनवरून तिच्या आईशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं. दोन्ही बाया एकमेकींकडं बघून जोरजोरात हसल्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मी मधे बसून भाषांतर करत होते. तिकडची आई म्हणाली, घरी असली की उकडलेले बटाटे खाते, मासे खाते, काळी आंबट रोटी खाते. आईनं फक्त बटाटे ऐकले. दुसऱ्या दिवसापासून पाहुणीच्या ताटात उकडलेले बटाटे. मीठ नाही, तिखट नाही, काही नाही, नुसते सोललेले बटाटे, आणि बाजूला आम्ही झणझणीत रस्सा ओरपतोय. पाहुणीनं दोन खाल्ले आणि म्हणाली, "धन्यवाद. फार छान."

आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "छान म्हणते अन् खात नाही. त्याच्यापेक्षा शिवी दिली असती तं बरं."

त्यातच भाजीच्या गाडीवर कळमन्याच्या काकूंनी काडी लावली. त्यांच्या मिस्टरांची कळमन्यात धान्याची अडत आहे, म्हणून आम्ही त्यांना कळमन्याच्या काकू म्हणायचो. त्या आईला सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुमच्या पाहुणीले घरचं जेवण जमत नाही वाटते. आई मेथी हातातच ठेवून उभी राहिली, मग ती गाडीवर परत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी उकडलेले बटाटे खाल्ले.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, सरांचा फोन आला. वसतिगृहात खोली रिकामी झाली आहे, पाहुणीला विचारलं आहे, महिनाअखेरपर्यंत कळवते म्हणाली, तुम्ही काही वाईट वाटून घेऊ नका. बाबांनी हे आईला सांगितलं तेव्हा ती ओटा पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "जाईन ती. आपल्या घरी कोण जेवते?"

मला पाहुणीचा असा राग आला की विचारू नका. चार भाकरी खाल्ल्या असत्या तर काय तिचं फिनलंड बुडणार होतं का? मी त्या दिवशी पंखा एकवर आणला आणि ती काही बोलली नाही, त्यामुळं आणखी राग आला.

मग माझी परीक्षेच्या आधीची सुट्टी लागली. एका दुपारी मी झेरॉक्स काढायला मेन रोडवर गेले होते, तिथंच पाहुणी बसमधून उतरली. आम्ही सोबत घरी निघालो. गल्लीच्या कोपऱ्यावर एसटीतून रिटायर झालेले एक आजोबा राहतात. हिवाळ्यात आमच्याकडं लोक अंगणात उन्हाला बसून जेवतात, तसे आजोबा आणि आजी जेवत होते. आजोबांनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "या जेवायला."

मी म्हटलं, "होऊ द्या, आजोबा," आणि पुढं चालू लागले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की बाजूला कोणी नाही. मागं वळून पाहते तर पाहुणी चपला काढून, हात धुऊन, मांडी घालून बसलेली. आणि आजी तिच्या पुढ्यात ताट वाढत होती. ताट तयार होतं. म्हणजे तिच्या नावाचं ताट त्या घरात रोज काढून ठेवलेलं असायचं.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आमच्याकडं माणूस जेवायला बसला आणि समोरून कुणी गेलं तर "या जेवायला" म्हणावंच लागतं. मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणतात, कुरिअरवाल्याला म्हणतात, ज्याच्याशी कोर्टात केस चालू आहे त्यालाही म्हणतात. न म्हणणारा माणूस माजलेला. आणि ज्याला म्हटलं त्यानं "होऊ द्या" म्हणून निघून जायचं असतं. लहान पोरालाही हे कळतं, त्याला कुणी शिकवत नाही. "या जेवायला" ऐकून खरंच जाऊन बसलेला माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आता पाहिला.

मी कुंपणाशी उभी राहून बघत राहिले. पाहुणीनं दोन पोळ्या खाल्ल्या, आजींना नमस्कार केला, निघाली. पुढं कळमन्याच्या काकू. "या जेवायला." पाहुणी आत. तिथं भात, कारण तांदूळ त्यांच्या घरचाच, आणि वाढणारीचा हात सढळ. मला त्या काकूंचा असा संताप आला. रोज स्वतः गिळायला घालतात आणि वर आईला सांगतात की तुमच्या पाहुणीले घरचं जमत नाही. मग आमच्या समोरच्या नरखेडच्या काकू. त्यांच्या फाटकापाशी पाहुणी क्षणभर थांबली, पोटावर हात ठेवून तिनं एक मोठा श्वास घेतला, आणि गणिताच्या पेपरला जातात तशी आत गेली. वांग्याची भाजी, भाकर. शेवटी काकूंनी हातावर एक संत्रंही ठेवलं.

ती बाहेर आली तेव्हा मी आमच्या फाटकात उभी होते. मी विचारलं, तू रोज असं करतेस का. ती म्हणाली, हो. आणि मग तिनं सगळं सांगितलं. तिची समजूत अशी झाली होती की गल्लीनं तिला मिळून पोसायचं ठरवलं आहे. पहिल्या घरी पोळी, दुसऱ्या घरी भात, तिसऱ्या घरी भाजी, आणि शेवटचं घर आमचं. तिला ही व्यवस्था फार आवडली होती. तिकडं आईला, मैत्रिणींना, त्या प्राध्यापकांना, सगळ्यांना तिनं कळवलं होतं की इथले लोक पाहुण्याचा भार एका घरावर पडू देत नाहीत. फक्त तिला एकच दुःख होतं. आमच्या घरी पोचेपर्यंत पोटात जागा राहत नाही, त्यामुळं माझी आई रागावली आहे, आणि म्हणून तिनं बटाटे सुरू केले आहेत.

"बटाटे ही शिक्षा आहे ना?" तिनं विचारलं. "तुझ्या आईंना मी नको असेन तर मी वसतिगृहात जाईन. सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही."

मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं. मी तिला पायरीवर बसवलं आणि "या जेवायला"चा सगळा कायदा समजावून सांगितला. तिचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे त्यांना मी यायला नको होतं?"

"तसं नाही. म्हणावं लागतं म्हणून म्हणतात."

"आणि खरंच बोलवायचं असेल तेव्हा काय म्हणतात?"

"तेव्हाही हेच म्हणतात."

"मग कळतं कसं?"

मी म्हटलं, कळतं. मग तिनं विचारलं, समोरच्या काकूंकडे तू कधी जेवलीस? मी म्हटलं, नाही. त्या तुमच्याकडे? नाही. तिनं मान वळवून समोरच्या फाटकाकडं पाहिलं, आणि तिचं ते बघणं मला सहन झालं नाही. मी तिला घरभरणीचं सगळं सांगून टाकलं, उपवास, केळं, बंद बाटली, गंजातला भात. सांगताना माझा आवाज चढला. ती बिचारी काहीच म्हणाली नव्हती, पण मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि समोर तीच होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पण मी तुमच्या घरात राहते हे त्यांना माहीत आहे, तरी ते मला वाढतात."

आईला सांगायला गेले तेव्हा ती कणीक भिजवत होती. आधी तिला कळेचना. मग कळलं तशी ती परातीसमोर बसून इतकी हसली की कणकेचे हात तोंडाला लागले. "तीन घरी जेवून माह्या घरी अर्धी भाकर खाते? मरन ना वं पोट्टी पोट फुटून!" पाहुणीला जवळ बसवून तिनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि बटाट्यांबद्दल माफी मागितली, ती पाहुणीला कळली नाही, पण बटाटे बंद झाले हे कळलं. हसून झाल्यावर आई थोडा वेळ कणीक मळत राहिली. मग मला विचारलं, "समोर काय जेवते?"

मी म्हटलं, वांग्याची भाजी.

"तेल किती राहते वर?"

मी कुठं पाहिलं होतं तेल. आईला ते पटलं नाही. तिच्या मते त्या घरात तेल जास्तच असणार, आणि पोट्टीचं पोट त्यानंच बिघडणार. मग रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी तालीम घेतली. ते हॉलमध्ये रिकामं ताट घेऊन कोपऱ्यावरचे आजोबा होऊन बसले आणि "या जेवायला" म्हणाले. पाहुणीनं "होऊ द्या" म्हणायचं होतं. पहिल्या वेळी ती म्हणाली, "होऊ द्या, धन्यवाद, क्षमा करा." दुसऱ्या वेळी "होऊ द्या" म्हणता म्हणता तिचे गुडघे आपोआप वाकले आणि ती बसलीच. बाबांनी मग आवाज बदलून कळमन्याच्या काकूही करून दाखवल्या. इतक्या दिवसांत आमचं घर इतकं हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणी तीनही घरी "होऊ द्या" म्हणून सरळ घरी आली. घामाघूम झालेली, जणू चोरी करून आली. आईनं तिला ताटावर बसवलं. बाबांना त्या दिवसापासून दुसरी पाळी होती म्हणून तेही घरी होते. जेवण अगदी साधं, चून-भाकर आणि ठेचा. चून म्हणजे तुमचं पिठलं. पाहुणीनं पहिली भाकर संपवली, दुसरी घेतली, आणि आई उगाच ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. तिला तिचा आनंद कुणाला दाखवायचा नव्हता.

इतक्यात दारात नरखेडच्या काकू. पदरानं हात पुसत, तशाच जेवणावरून उठून आलेल्या. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांनी विचारलं की पोट्टी बिमार आहे का, आज जेवायला नाही म्हणाली, आजोबाही विचारून राहिले. आई म्हणाली, नाही जी, बरी आहे. आणि मग हात पुसत, सवयीनं, जे या दारातून काकूंना तिनं हजार वेळा म्हटलं असेल, ते म्हणाली. "या जेवायला."

काकूंचं "होऊ द्या" तोंडात तयार होतं. ते बाहेर यायच्या आत पाहुणी उठली. तिनं फळीवरचं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं, खुर्ची मागं ओढली. आणि पुण्याच्या बाईंनी शिकवलेलं सगळं मराठी बाजूला ठेवून म्हणाली, "बसा ना, काकू. मी तुमच्याकडे रोज जेवली. तुम्ही माह्याकडे एकदा तं जेवा."

वसतिगृहाचं उत्तर त्या "माह्याकडे"त आलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. पण आईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती काकूंकडं बघत होती, आणि काकू उंबऱ्याकडं. खरं सांगते, त्या क्षणी काकूंनी निघून जावं असं मला वाटलं. पाहुणीच्या समोर, आईच्या तोंडावर पुन्हा एकदा तो उपवास निघालेला मला बघायचा नव्हता. आज वार कोणता ते मी आठवून पाहिलं. गुरुवार. झालं, मी मनात म्हटलं, गुरुवार निघणार.

आणि निघाला. काकू म्हणाल्या, "आज गुरुवार आहे, ताई."

"असू द्या, असू द्या," आई पटकन म्हणाली. तिनं ते ताट उचलायला हात पुढंसुद्धा केला. तिचा चेहरा घरभरणीच्या दिवशी होता तसाच झाला, आणि मी पाहुणीकडं बघायचं टाळलं.

"नाही, म्हणजे गुरुवारी मी कांदा खात नाही," काकू म्हणाल्या. "चुनात कांदा टाकला का?"

आई खोटं बोलू शकली असती. मी असते तर बोलले असते. पण स्वयंपाकाच्या बाबतीत तिच्याच्यानं खोटं बोलवत नाही. ती म्हणाली, "टाकला जी. भरपूर टाकला."

काकूंनी कढईकडं पाहिलं. आईकडं पाहिलं. मग चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, "टाकला तं टाकला. वाढा."

आई वाढायचं विसरली. बाबांनी तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती जागी झाली, आणि मग तिला धावपळीत काही सुचेना. लोणचं काढलं, पापड भाजायला घेतला, तो जळला, दुसरा घेतला. इतक्या वर्षांनी ही बाई घरी जेवायला बसली आणि घरात काय, तर चून! पाटोडी नाही, भरलं वांगं नाही, गोड तर काहीच नाही. काकू मात्र मुकाट जेवत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या की ठेचा पांचट आहे, नागपूरवाल्यांना मिरची भाजता येत नाही. बाबा खाली मान घालून हसले. पाहुणीनं विचारलं, पांचट म्हणजे काय, आणि मी तिला नंतर सांगते म्हणाले. मग काकूंनी ताट थोडं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "चून द्या अजून थोडं."

आईनं दिलं. कढई खरवडून दिलं.

काकू गेल्या. त्यांच्यामागं पाहुणी फाटकापर्यंत गेली. आई सगळ्यांच्या मागून जेवायला बसते, तशी बसली. कढईत काही उरलं नव्हतं. तिनं भाकर घेतली, कांदा फोडला, आणि नुसती भाकर-कांदा खायला लागली. मी म्हटलं, थांब, तुझ्यासाठी थोडं चून टाकते. ती नको म्हणाली. तिला भूक नव्हतीच बहुतेक. दोन घास खाऊन तिनं बाबांना विचारलं, "अजी, दुसऱ्यांदा तिनं मांगतलं ना?"

"हो," बाबा म्हणाले.

"मी आग्रह केला नव्हता ना?"

"नाही वं. तिनंच मांगतलं."

"तू ऐकलं?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, ऐकलं. मग आईनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या समजत्या वयात पहिल्यांदा आम्हा दोघांसमोर रडली, घरभरणीचं सगळं रडली, आणि बाबा तिच्या ताटात भाकर मोडून देत राहिले.